काळजात गोळी म्हणजे नेमकी कुठे?

माझा भाचा डेन्व्हरला असतो. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली, तेव्हा कोलोरॅडोच्या मतपत्रिकेवर आणखी एक प्रश्न होता. माउंटन लायन, बॉबकॅट आणि लिंक्स या रानमांजरांची शिकार बंद करायची का? प्रस्ताव क्रमांक १२७. भाच्याचं तिथलं पहिलंच मतदान. त्याने फोन केला आणि म्हणाला, "मामा, तू जनावरांचा डॉक्टर आहेस, म्हणून विचारतो. कुत्री मागे लावून माउंटन लायनला झाडावर चढवतात आणि खालून गोळी घालतात. शिकारी म्हणतात, काळजात एक गोळी बसली की संपलं, त्याला कळतसुद्धा नाही. खरंय का हे?"

प्रस्ताव पडला, सुमारे ५५ टक्के लोकांनी विरोधात मत दिलं. भाच्याने काय केलं ते मी विचारलं नाही. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर मला नीट द्यायचं आहे, कारण "कळतसुद्धा नाही" हा समज आपल्याकडेही तितकाच पक्का आहे.

आधी प्राणी. माउंटन लायन, प्यूमा, कूगर ही सगळी एकाच जनावराची नावं. कॅनडाच्या युकॉनपासून चिलीच्या दक्षिण टोकापर्यंत तो आढळतो. नावात सिंह असला तरी त्याला डरकाळी फोडता येत नाही. घरच्या मांजरासारखा तो घुरघुरतो. नर साधारण ६० ते ७० किलोचा, मादी बरीच हलकी, म्हणजे अंगाने आपल्या बिबट्याच्या जवळपास. दबा धरायचा आणि झेप घ्यायची, ही त्याची शिकारीची रीत. त्यामुळे लांबवर पळत राहायचा दम त्याच्यात नाही. कुत्र्याचं नेमकं उलटं असतं. सँटा क्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी प्यूमा आणि कुत्री, दोघांच्याही गळ्यात हालचाल मोजणारे पट्टे बांधून हा पाठलाग मोजला आणि २०१७ साली प्रसिद्ध केला. प्यूमा वेडीवाकडी वळणं घेतो, उभा चढ धरतो आणि शेवटी झाडावर चढतो. त्या थोड्या मिनिटांत त्याची शक्ती एरवीच्या कितीतरी पट खर्च होते.

ताज्या बर्फावरचा माग बघून कुत्री सोडतात. मागावर असताना त्यांचं ओरडणं लांबलचक, सूर ओढल्यासारखं असतं. जनावर झाडावर गेलं की कुत्री तुटक, भराभर भुंकू लागतात. दोन डोंगर पलीकडे उभा असलेला माणूसही त्या बदललेल्या आवाजावरून समजतो, की चढला. त्यानंतर घाईचं काहीच कारण उरत नाही. जनावर वर बसलेलं, माणूस खाली, मध्ये दहा-पंधरा मीटर. नेम धरायला, नर की मादी हे बघायला, आणि गोळी न घालता परत फिरायलाही वेळ असतो. म्हणूनच या शिकारीत चुकीच्या गोळीला सबब नाही, असं मी मानतो.

आता काळजाकडे येऊ. आपल्या भाषेत या शब्दाचे दोन अर्थ आहेत. "काळजाला भिडलं" म्हणताना आपण हृदयावर हात ठेवतो. मटणाच्या दुकानात काळीज मागितलं की खाटीक यकृत तोलून देतो. जनावराच्या अंगात या दोन काळजांमध्ये फक्त श्वासपटलाचा पातळ पडदा असतो. गोळी पडद्याच्या पुढे लागली तर काही सेकंदांचा प्रश्न. मागे लागली तर बऱ्याच मिनिटांचा, आणि आणखी मागे आतड्यात लागली तर काही तासांचा.

पण "पुढे" लागली तरी सेकंद का लागतात? सिनेमात गोळी लागलेला माणूस मागे उडून पडतो, आणि काडतुसांच्या जाहिरातीही गोळी जनावराला कशी "आडवी पाडते" ते सांगतात. शाळेतला संवेगाचा नियम आठवा, वस्तुमान गुणिले वेग. १० ग्रॅमची गोळी सेकंदाला ७०० मीटर वेगाने जाते असं धरा. संवेग झाला ७ एकक. तो सगळाच्या सगळा ६० किलोच्या जनावराला मिळाला, तरी त्याला वेग मिळतो सेकंदाला जेमतेम १२ सेंटिमीटर, आपल्या चालण्याच्या दहाव्या हिश्शाइतका. तेवढाच संवेग उलट दिशेने बंदुकीमार्फत शिकाऱ्याच्या खांद्यालाही मिळतो, आणि तो काही उडून पडत नाही. धक्क्याने कुणी मरत नाही. गोळी भोक पाडते, आसपासचं मांस चिरडते आणि क्षणभर ताणते. मरण येतं ते रक्ताच्या वाटेने.

आणि इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण शरीरविज्ञानातला माझा सगळ्यात आवडता भाग हाच आहे.

शुद्ध हरपणं म्हणजे मेंदूचा प्राणवायू संपणं. मेंदूजवळ साठा जवळजवळ नसतो. अमेरिकेत तरुण पुरुषांच्या गळ्याभोवती फुगणारी पट्टी बांधून मेंदूकडे जाणारं रक्त एकदम थांबवण्याचे प्रयोग झाले होते. १९४३ मध्ये त्यांचे निष्कर्ष छापले गेले. आज असा प्रयोग कुठलीही नीतिसमिती होऊ देणार नाही, आणि ते बरोबरच आहे. पण त्यातून मिळालेला आकडा आजही वापरला जातो. रक्त थांबल्यापासून ५ ते ११ सेकंदांत शुद्ध गेली. तोवर माणूस जागा होता.

हे झालं रक्त एका झटक्यात थांबल्यावर. गोळीने रक्त थांबत नाही, गळतं. ६० किलोच्या मांजराच्या अंगात, वजनाच्या सुमारे ६ टक्के धरलं तर, साडेतीन लिटरच्या आसपास रक्त. त्यातलं ४० टक्के, म्हणजे दीड लिटरच्या आतबाहेर, गेलं की रक्तदाब कोसळतो. एवढ्या वजनाच्या प्राण्याचं हृदय स्वस्थ असताना मिनिटाला साधारण ६ लिटर रक्त ढकलतं. पळून, भेदरून वर बसलेल्याचं त्याच्या दुप्पट धरा, १२ लिटर. सेकंदाला २०० मिलिलिटर. हृदयाच्या माथ्यावरची महारोहिणी फाटली आणि सगळं रक्त तिथूनच बाहेर पडलं, तरी दीड लिटर जायला सात सेकंद लागतात. त्यात मेंदूचे ५ ते ११ मिळवा. हिशोब ढोबळ आहे, पण बारा ते अठरा सेकंदांच्या खाली तो सहज येत नाही. स्नायूंना मात्र एवढा वेळ रक्त नसलं तरी चालतं, त्यांच्यात स्वतःचा थोडा प्राणवायू आणि तयार इंधन असतं. म्हणूनच हृदय फुटलेलं हरीणही शंभरेक मीटर धावून मग कोसळतं.

मग नेम हृदयावर धरायचा की फुप्फुसांवर? हृदय मुठीएवढं, फुप्फुसं छातीभर. आणि शाळेत आपण शिकतो पण विसरतो ती गोष्ट अशी, की हृदयाच्या डाव्या बाजूतून जेवढं रक्त अंगात जातं, तेवढंच सगळं उजव्या बाजूतून फुप्फुसांत जातं. मिनिटाला १२ तर १२. फक्त तिथला दाब बाकीच्या अंगातल्या रक्तदाबाच्या पाचव्या हिश्शाएवढा असतो, म्हणून गळती थोडी सावकाश होते. शिवाय फुप्फुस स्पंजासारखं लवचीक. गोळीने क्षणभर ताणलं तरी ते पुन्हा मूळ जागी येतं, फार फाटत नाही. यकृत तसं नाही, ते ताणलं की तडकतं. फुप्फुस फुगलेलं राहतं ते त्याच्या आणि बरगड्यांच्या मधल्या फटीत हवेपेक्षा किंचित कमी दाब असतो म्हणून. भोक पडलं की बाहेरची हवा आत शिरते आणि फुप्फुस मिटतं. एक मिटलं तर दुसऱ्यावर जनावर बराच वेळ काढू शकतं. त्यामुळे जाणते शिकारी म्हणतात, गोळी दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेली पाहिजे, आणि जमलं तर हृदयाच्या माथ्याजवळून.

हे चित्रात सोपं दिसतं, कारण चित्रातलं जनावर आडवं, सपाट जमिनीवर उभं असतं. झाडावरचं तसं नसतं. ते फांदीवर गोळा होऊन बसलेलं, एक पुढचा पाय वरच्या फांदीवर, दुसरा खोडाला. मांजरकुळात खांद्याचं पातं छातीला हाडाने जोडलेलं नाही, नुसत्या स्नायूंवर तरंगतं. पाय वर गेला की पातं सरकतं. "खांद्याच्या मागे चार बोटं" ही खूण मग खोटी ठरते. खालून मारलेली गोळी तिरकी वर जाते, म्हणजे ती कुठे शिरते यापेक्षा कुठून बाहेर पडेल हे मनात धरून नेम घ्यावा लागतो. डोंगरउतारावर झाड असेल तर वरच्या अंगाला चढून जनावराच्या पातळीवर यायचं आणि ते कूस दाखवेपर्यंत थांबायचं. आणखी एक बारीक गोष्ट. दुर्बीण नळीच्या चारेक सेंटिमीटर वर बसवलेली असते. शंभर मीटरवर जुळवलेली बंदूक दहा मीटरवर तीनेक सेंटिमीटर खाली मारते. एवढ्या जवळून कसला नेम चुकतोय, या भ्रमात हेच विसरलं जातं.

डोक्यात का नाही? मेंदूवरची गोळी खरोखर क्षणात संपवते. पण मेंदू लहान, त्यावर जबड्याचे जाड स्नायू, पुढे पोकळ हाडं, आणि डोकं सतत खालच्या कुत्र्यांकडे वळत असतं. दोन बोटं चुकली तर फुटलेला जबडा घेऊन जिवंत जनावर. शिवाय कोलोरॅडोत मारलेल्या प्यूमाची कवटी आणि कातडं वन्यजीव खात्याला दाखवावं लागतं. वय कळण्यासाठी तिथे एक दात काढून घेतात.

त्या बारा-अठरा सेकंदांत जनावर उडी मारतं. खाली कुत्री मोकळी असतील तर शुद्धीवर असलेलं, जखमी जनावर थेट त्यांच्यात पडतं. म्हणून गोळी घालण्याआधी कुत्री लांब नेऊन बांधायची, हा जुन्या शिकाऱ्यांचा नियम माझ्या मते नेमाइतकाच महत्त्वाचा आहे. आणि नेमाच्या आधी मादी ओळखणं. कोलोरॅडोत शिकारीच्या परवान्यासाठी हे शिकून परीक्षा द्यावी लागते, पिल्लं सोबत असलेली मादी मारता येत नाही. पण पिल्लं वर्ष-दीड वर्ष आईवर अवलंबून असतात आणि पाठलागाच्या वेळी ती अनेकदा दूर कुठेतरी लपलेली असतात. हे मला नेमाच्या कुठल्याही हिशोबापेक्षा जास्त खुपतं.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने बिबट्याची शिकार बंद आहे. मी छाती उघडून पाहिली ती वाहनाखाली आलेल्या बिबट्याची. शवविच्छेदनाला बसलं की वनखात्याची माणसं आधी अठरा नखं मोजतात, मिशा जागेवर आहेत का बघतात, आणि सगळं झाल्यावर समोर जाळतात. कारण नखाचं लॉकेट घातलं की अंगात बळ येतं आणि मिशीचा केस पोटात गेला की आतडी कापतो, असं मानणारे आजही आहेत. मिशी काय, नख काय, आपल्या केसांत असतं तेच केराटिन. त्यात बळही नाही आणि विषही नाही. त्या दिवशी मी सोबतच्या मुलाला शेवटच्या चार-पाच बरगड्यांखाली हात घालायला सांगितला. बाहेरून छातीच वाटते ती जागा. "सर, इथे फुप्फुस नाहीच," तो म्हणाला. हाताला लागलं होतं गुळगुळीत यकृत. श्वासपटल घुमटासारखं पुढे आलेलं असतं, म्हणून छातीचा मागचा तिसरा हिस्सा खरं तर पोटच असतो. "छातीत मारली" असं शपथेवर सांगणाऱ्याची गोळी यकृतात निघते, ती इथेच.

याच विद्येची दुसरी बाजू भूल देण्याची. वन्यजीव संशोधक मॉरिस हॉर्नोकर यांनी १९६४ पासून अमेरिकेतल्या आयडाहोच्या डोंगरांत प्यूमांचा अभ्यास केला तो अशाच कुत्र्यांच्या मदतीने. झाडावर चढवायचं, भुलीची सुई मारायची, स्वतः वर चढून दोरीने जनावर खाली उतरवायचं, खूण करून सोडून द्यायचं. तिथे नेम मांडीवर. गोळीसाठी सगळ्यात वाईट जागा ती भुलीच्या सुईसाठी सगळ्यात चांगली, कारण तिथे मांस भरपूर आणि जवळ नाजूक काही नाही. इथेही "लगेच पडत नाही". जुन्नरकडे उसात बिबट्या अडकला की गर्दी ओरडते, "डॉक्टर, लागली की सुई, पडत का नाही?" केटामाइन आणि जोडीचं औषध स्नायूतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला पाच ते पंधरा मिनिटं घेतं. त्या मिनिटांत सगळ्यांनी गप्प राहायचं असतं.

मग मी काठीने दुरून अंगाला स्पर्श करतो, कान हलतो का बघतो. शेवटी बोटाने डोळ्याची कड. शिकारीही झाडाखाली पडलेल्या जनावराच्या डोळ्याला मागच्या बाजूने येऊन काडी लावतो. मेलेल्याचे डोळे उघडे असतात, केटामाइन दिलेल्याचेही. काडीने पापणी लवली नाही तरच तो मेला असं धरून पुढे जायचं. माझ्या बोटाखाली मात्र पापणी किंचित थरथरते, आणि मी डोळ्यांत मलम घालून वर ओलं फडकं बांधतो.