फिनेस स्पिनिंग रॉड आले कुठून

दोन फिनेस रॉड, म्हणजे बारीक लाइन आणि हलक्या आमिषाने मासे पकडायचे रॉड, शेजारी ठेवून कुठला घ्यावा असं विचारलं की चर्चा लगेच कार्बन किती टनाचा, म्हणजे किती ताठ, यावर जाते. पण या रॉडची गोष्ट कार्बनपासून सुरूच होत नाही, ती रीलपासून, म्हणजे लाइन (गळाची दोरी) गुंडाळायच्या चाकापासून सुरू होते. रॉड प्रत्येक वेळी मागून आलाय, आधी रील बदललं, मग लाइन, मग आमिष, आणि त्यांना जुळेल असा रॉड शेवटी.

1905 मध्ये इंग्लंडमध्ये आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी फिक्स्ड स्पूल रीलचं (आज त्याला स्पिनिंग रील म्हणतात) पेटंट घेतलं. माणूस कापडगिरणीच्या धंद्यातला, कल्पनाही बॉबिनवरची. शिवणाचं रीळ हातात घेऊन बघा ना, दोरा बाजूने ओढला तर अख्खं रीळ फिरतं, पण टोकाकडून ओढला तर रीळ जागचं हलत नाही आणि दोरा वेटोळी सोडत निघून येतो. जुन्या रीलचा स्पूल, म्हणजे लाइन गुंडाळलेली फिरकी, फिरवायला आमिषाला वजन लागायचं, ती अटच गेली आणि दोन-तीन ग्रॅमचं आमिष लांब फेकता यायला लागलं. माझ्या मते फिनेसचा खरा जन्म इथेच, नाव बरंच नंतर पडलं.

पण तेव्हा लाइन रेशमाची, पाणी पिणारी, वापरून झाली की वाळत घालायची. ड्यूपाँने 1938 मध्ये नायलॉन जाहीर केलं आणि मग बारीक तंगूस आला. युद्धानंतर फ्रान्सचं मिचेल 300 रील अमेरिकेत पोचलं, साधारण त्याच सुमारास बांबूच्या जागी फायबरग्लासचे रॉड आले. ते चिवट होते पण जड आणि संथ, तळाशी काय चाललंय ते हातापर्यंत यायचंच नाही. 1970 च्या दशकात फेनविकने ग्राफाइटचा रॉड बाजारात आणला तेव्हा हे बदललं, कारण कार्बन वजनाच्या मानाने खूप ताठ, टिप वाकून पटकन सरळ होते आणि बारीकसं कंपनही मुठीत जाणवतं.

यापुढचा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इथे रॉड माशांनी बदलला. जपानमध्ये बास मासा 1925 मध्ये आशी तलावात सोडला गेला, नंतर तो देशभर पसरला, आणि नितळ पाण्यात रोज गळ बघून बघून शहाणा झाला. त्याला फसवायला बारीक लाइन आणि छोटं आमिष हवं, म्हणून ड्रॉप शॉट, वजन खाली आणि हूक वर. कॅलिफोर्नियाच्या खोल, स्वच्छ जलाशयांत डॉन आयोविनो यांचं डूडलिंग, म्हणजे रॉडची टिप थरथरवत छोटं आमिष खेळवणं, आधीपासून होतंच, तिथे 1990 च्या दशकाच्या शेवटी हा ड्रॉप शॉट पोचला आणि उचलला गेला. यात मासा झटका देत नाही, फक्त वजन बदलल्यासारखं वाटतं, जणू ओला कागद अडकलाय, आणि टिप कडक असेल तर तेवढ्यातच मासा आमिष थुंकून मोकळा. म्हणून टिप मऊ, खालचा भाग दमदार, यालाच एक्स्ट्रा फास्ट म्हणतात, काही रॉडना तर टोकाला भरीव कार्बनची टिप असते.

रॉड बदलण्याचं दुसरं कारण ब्रेड लाइन, म्हणजे बारीक धागे विणून केलेली लाइन, 1990 च्या दशकातली. तंगूस ताणला जायचा, ओढ सोसायचा, ब्रेड जवळजवळ ताणतच नाही, मग ते सोसण्याचं काम रॉडवर आलं. त्यामुळे तंगूस वापरायच्या काळातला ताठ रॉड आज ब्रेडवर लावला की बारीक लीडर (ब्रेडच्या टोकाला जोडलेला लाइनचा तुकडा) तटकन तुटतो, यात रॉड वाईट नसतो, त्याचा जोडीदार बदललेला असतो.

कॅन्ससच्या नेड केहडी यांच्या नावाची नेड रिग, म्हणजे हूक आणि आमिष बांधायची एक पद्धत, अजून वेगळी. चिमुकलं जिग (वजनाचं डोकं असलेला गळ), उघडा बारीक हूक, त्याला जोरात हिसका नकोच, नुसता रॉड तिरका उचलत नेला की हूक बसतो, म्हणून तिथे थोडा खालपर्यंत वाकणारा रॉड बरा पडतो. आणि रॉडच्या ताकदीसाठी छापलेल्या 'मीडियम लाइट'ला सगळ्या कंपन्यांचं एक माप नाहीच, त्यामुळे दोन रॉडवर तोच शब्द असून एकाची आमिषाच्या वजनाची रेंज 2 ते 7 ग्रॅम आणि दुसऱ्याची 4 ते 14 असू शकते. मुठीच्या वर छापलेला तो ग्रॅमचा आकडा मी आधी वाचतो, टन नंतर.