पृथ्वीच्या पोरांचं बंड

ग्रीक दैत्यांचा जन्म कवी हेसिऑडने इ.स.पू. 700च्या सुमारास सांगितला. क्रोनस या टायटनाने बाप युरेनसला, म्हणजे आकाशाला, खच्ची केलं, रक्त जमिनीवर सांडलं आणि त्यातून पृथ्वीमाता गायाला लखलखत्या चिलखतांचे, लांब भाले घेतलेले पुत्र झाले. देवांशी झालेल्या त्यांच्या युद्धाचं वर्णन मात्र तो करत नाही.

ती सलग कथा आपल्याला मिळते कित्येक शतकांनंतर, अपोलोडोरसच्या नावावरच्या ग्रंथात. देवांचा राजा झ्यूसने टायटनांना, म्हणजे आधीच्या देवपिढीला, पाताळात कोंडलं म्हणून गाया चिडली आणि तिने हे पुत्र देवांवर सोडले. (टायटन वेगळे, हे वेगळे, ही गल्लत प्राचीन कवींनीही केली आहे.) मर्त्य माणसाची मदत असल्याशिवाय दैत्य मरणार नाहीत, असं भाकीत होतं, म्हणून देवांनी हेराक्लीसला (हर्क्युलिसला) बोलावलं. मुलांना वाचवणारी वनस्पती गाया शोधू लागली, तर झ्यूसने उषा, चंद्र, सूर्य तिघांनाही उगवायची बंदी केली आणि ती वनस्पती स्वतःच खुडून नेली. पळणाऱ्या एन्केलाडस दैत्यावर अथीना देवीने सिसिली बेट टाकलं, पॉलिबोटीसवर समुद्रदेव पोसायडनने निसिरॉस. सिसिलीत एटना आहे आणि निसिरॉसही ज्वालामुखीचंच बेट, हा योगायोग मला वाटत नाही.

डेल्फीतल्या इ.स.पू. 525च्या सुमाराच्या शिल्पांत हे दैत्य चक्क ढाल-शिरस्त्राणवाले ग्रीक सैनिक दिसतात. सापाचे पाय त्यांना पुढे चिकटले. इ.स.पू. दुसऱ्या शतकात आशिया मायनरमधल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) पर्गामॉनच्या राजांनी आपल्या भव्य वेदीवर हेच युद्ध कोरून घेतलं. गॅलेशियन या केल्टिक टोळ्यांवरचे त्यांचे विजय त्यामागे होते, असं बहुतेक अभ्यासक मानतात. शत्रूला दैत्य ठरवण्याची ती सोय होती. पण शिल्पकार त्यापलीकडे गेला. अथीना एका पंखवाल्या दैत्याचे केस धरून त्याला मागे ओढते आहे, आणि खाली कमरेपर्यंत जमिनीतून वर आलेली गाया मुलासाठी गयावया करते आहे. एवढ्या विजयोत्सवात हरणाऱ्यांच्या आईला जागा मिळाली, हे मला फार मोठं वाटतं. ही शिल्पं आज बर्लिनमध्ये आहेत.

रणभूमी कुठली, यावरही वाद होता. बहुतेक जण उत्तरेकडच्या पालीनी द्वीपकल्पाचं नाव घेत. दक्षिण ग्रीसमधल्या आर्केडियातले लोक आपलाच प्रदेश सांगत, तिथे जमिनीतून निघणारी आग दाखवत आणि विजा-वादळांना बळी देत, असं प्राचीन ग्रीक प्रवासी पॉसेनियस लिहितो. आर्केडियातल्याच मेगालोपोलिसच्या खोऱ्यात आज लिग्नाइटच्या, म्हणजे तपकिरी कोळशाच्या, खाणी आहेत आणि तिथल्या मातीत प्रागैतिहासिक हत्तींची प्रचंड हाडं सापडली आहेत. ती आग आणि ते दैत्य कदाचित यातूनच सुचले असतील.