तिचे पंख मोजा

परवा शेजारच्या मुलानं एक फोटो पाठवला. कुंडीतल्या फुलावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा किडा, आणि खाली प्रश्न : "काका, ॲप म्हणतंय मधमाशी. आई म्हणते गांधीलमाशी आहे, मारून टाक. नक्की काय आहे?"

दोन्ही नाही. ती सिरफिड माशी होती. तिला नांगी नसते, त्यामुळे ती डंख मारूच शकत नाही. शिवाय तिच्या अनेक जातींच्या अळ्या झाडावरचा मावा खातात. आई मारायला निघाली होती ती बागेची राखणदार होती.

ॲपवर माझा राग नाही. स्पष्ट फोटो दिला तर ते बरेचदा बरोबर नाव सांगतं. पण ते ठरवतं दिसण्यावरून, आणि इथे फसवणूकच मुळी दिसण्याची आहे. डंख मारणाऱ्या किड्याच्या वाटेला पक्षी जात नाहीत. मग तसेच पट्टे मिरवणारी निरुपद्रवी माशीही वाचते. ॲमेझॉनच्या जंगलातल्या फुलपाखरांवरून हेन्री बेट्स यांनी १८६२ मध्ये नक्कलेचं हे तत्त्व मांडलं. पक्ष्यांच्या तीक्ष्ण नजरेला चकवणारी नक्कल एखाद्या धूसर फोटोत ओळखू येईल याची खात्री कशी देणार? ॲप सांगतं ते नाव आपण पडताळून पाहायचं असतं.

पडताळताना रंग बाजूला ठेवा, अवयव बघा. मधमाशीला चार पंख असतात, माशीला दोन. पण मोजायला गेलात तर घोटाळा होतो, कारण मधमाशीचा मागचा पंख बारीक आकड्यांच्या रांगेनं पुढच्या पंखाला अडकवलेला असतो आणि दोन्ही मिळून एकच वाटतो. म्हणून मिशाही बघायच्या. मधमाशीच्या मिशा लांब, कोपरात दुमडल्यासारख्या. बहुतेक सिरफिड माश्यांच्या अगदी आखूड.

मग माशीचे मागचे दोन पंख गेले कुठे? मला या सगळ्यात सर्वांत आवडतो तो हा भाग. ते गेलेले नाहीत, त्यांचं रूप बदललंय. पंखांच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक नाजूक दांडी आणि तिच्या टोकाला गोळा, छोट्याशा गदेसारखा. याला हॅल्टिअर म्हणतात, मराठीत संतोलक. सिरफिड माशीत तो बघायला भिंग लागतं. पण भिंतीवर बसलेली, मोठ्या डासासारखी दिसणारी आणि कधीही न चावणारी क्रेन फ्लाय सापडली तर तिचे संतोलक नुसत्या डोळ्यांनीही दिसतात.

उडताना हे गोळे पंखांच्याच वेगानं, पण उलट्या दिशेनं हलतात : पंख वर, तेव्हा गोळा खाली. फळमाशीत हे सेकंदाला सुमारे २०० वेळा घडतं. आता दोरीला दगड बांधून तो झुलवत असताना स्वतः गर्रकन वळून बघा. दगड आपली झुलण्याची दिशा सोडायला तयार नसतो आणि हाताला बाजूचा ओढा जाणवतो. माशी हवेत वळली की संतोलकाच्या दांडीला असाच ओढा बसतो. भौतिकशास्त्रात तो कोरिऑलिस बल म्हणून येतो. दांडीच्या बुडाशी सूक्ष्म संवेदकांच्या ओळी असतात. दांडी किंचित वाकली की त्या लगेच चेतातंतूंमार्फत पंख वळवणाऱ्या स्नायूंना खबर देतात, डोळ्यांना ते वळण जाणवायच्याही आधी. दोन्ही संतोलक जरा मागे कललेले असल्यानं त्यांच्या झुलण्याच्या पातळ्या वेगळ्या असतात. म्हणूनच डावी-उजवी कलणं, नाक वर-खाली होणं आणि जागच्या जागी वळणं, या तिन्ही हालचाली वेगवेगळ्या कळतात. मोबाइलमधला जायरोस्कोपही याच तत्त्वावर, थरथरणाऱ्या वस्तुमानावर चालतो.

संतोलक काढला तर माशीचा तोल जातो, हे विल्यम डेरहॅम यांनी १७१४ मध्येच लिहून ठेवलं होतं. त्यामागची यंत्रणा जॉन प्रिंगल यांनी १९४८ मध्ये दाखवली. आणि संतोलक म्हणजे मूळचा पंखच, याचा पुरावा एडवर्ड लुईस यांच्या फळमाश्यांनी दिला. अल्ट्राबायथोरॅक्स या जनुकाचं काम छातीच्या तिसऱ्या खंडात थांबलं की संतोलकांच्या जागी पंख येतात आणि चार पंखांची माशी जन्मते! या संशोधनासाठी त्यांना १९९५ चं नोबेल मिळालं.

न मोजता ओळखण्याची किंमत माणसानं शतकानुशतकं मोजली आहे. बैलाच्या कुजलेल्या शरीरातून मधमाश्या जन्मतात, असं भूमध्य समुद्राच्या आसपासचे लोक पिढ्यान्‌पिढ्या मानत होते. त्यासाठी बैल मुद्दाम मारायच्या पद्धतीही लिहून ठेवल्या गेल्या. त्या 'मधमाश्या' म्हणजे एरिस्टॅलिस नावाच्या सिरफिड माश्या, असा उलगडा ऑस्टेन-सॅकेन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केला. त्यांच्या अळ्या घाण पाण्यात वाढतात आणि शेपटीसारखी लांबणारी नळी वर काढून श्वास घेतात. बागेतल्या साचलेल्या पाण्यात शेपटीची अळी दिसली तर ती बहुधा हीच.

मुलाला मी किडा पारदर्शक बरणीत घेऊन बाजूनं फोटो काढायला सांगितलं. संध्याकाळी फोटो आला : दोन पंख, आखूड मिशा आणि पंखाच्या मुळाशी पिवळसर ठिपका. "काका, हीच का ती गदा? सोडून दिली तिला. परत त्याच फुलावर जाऊन बसली."