सौरडागांचे हौशी निरीक्षण व छायाचित्रण

सूर्याच्या दीप्तिगोलावर, म्हणजे आपल्याला दिसणाऱ्या तेजस्वी पृष्ठभागावर, अधूनमधून उमटणाऱ्या काळसर डागांची लहान दुर्बिणीतून नित्य नोंद ठेवणे, त्यांची रेखाटने करणे आणि छायाचित्रे घेणे ही खगोलनिरीक्षणाची एक जुनी व आजही उपयुक्त शाखा आहे. सूर्याचा प्रकाश कमी पडण्याचा प्रश्नच नसल्याने तिला मोठी दुर्बीण लागत नाही. ५० ते ८० मिमी व्यासाचे भिंग पुरते, शहरातील दिव्यांचा अडथळा होत नाही आणि रात्री जागावे लागत नाही. लागते ती डोळ्यांच्या सुरक्षेबाबत कडक शिस्त आणि तेच काम त्याच पद्धतीने वर्षानुवर्षे करण्याची चिकाटी.

सुरक्षेचा विचार इतर सर्व गोष्टींच्या आधी करावा लागतो. दुर्बिणीतून सूर्याकडे थेट पाहिल्यास दृष्टिपटल क्षणार्धात भाजते, आणि दृष्टिपटलाला वेदना जाणवत नसल्यामुळे इजा होत असताना पाहणाऱ्याला ती कळतही नाही. म्हणून प्रकाश दुर्बिणीत शिरण्यापूर्वीच, वस्तुभिंगाच्या (दुर्बिणीच्या तोंडाशी असलेल्या मोठ्या भिंगाच्या) पुढे, सौर फिल्टर घट्ट बसवलेला असला पाहिजे. यासाठी धातूचा मुलामा दिलेली पातळ सौर फिल्म वापरतात. डोळ्याने पाहण्याच्या फिल्मची प्रकाशीय घनता ५ असते, म्हणजे ती सुमारे एक लाखांश प्रकाश आत सोडते. केवळ छायाचित्रणासाठी मिळणाऱ्या ३.८ घनतेच्या फिल्ममधून याच्या सोळापट प्रकाश येतो, त्यामुळे ती लावून नेत्रिकेला, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाला, डोळा लावू नये. जुन्या स्वस्त दुर्बिणींसोबत नेत्रिकेवर फिरवून बसवण्याची काळी काच मिळत असे. एकवटलेल्या उष्णतेने ती अचानक तडकते, तेव्हा अशी काच हाती आल्यास ती टाकून देणेच योग्य. क्ष-किरण फिल्म, काजळी धरलेली काच व सीडी यांचा उपयोग करू नये. ग्रहणाचा चश्मा नुसत्या डोळ्यांसाठी असतो, तो घालून दुर्बिणीत पाहणे घातक आहे. फिल्मला टाचणीएवढे छिद्र पडले आहे का, हे दर वेळी प्रकाशासमोर धरून तपासावे आणि मुख्य दुर्बिणीवर बसवलेल्या लहान शोधक दुर्बिणीचे तोंड झाकून ठेवावे किंवा ती काढूनच टाकावी. मुख्य दुर्बिणीला फिल्टर लावून शोधक उघडी ठेवणे ही चूक अनुभवी माणसाकडूनही होऊ शकते. दुर्बिणीची सावली जमिनीवर सर्वांत लहान होईल तेव्हा ती सूर्याच्या रोखाने असते, त्यामुळे सूर्य शोधायला शोधक दुर्बीण लागतही नाही.

फिल्टरशिवायचा सर्वांत जुना मार्ग प्रक्षेपणाचा आहे. गॅलिलिओचा शिष्य बेनेदेत्तो कास्तेल्ली याने तो सुचवला आणि गॅलिलिओची १६१२ मधील प्रसिद्ध रेखाटने याच रीतीने काढलेली आहेत. नेत्रिकेमागे पांढरा कागद धरला की सूर्यबिंब त्यावर पडते, आणि अनेक जण ते एकाच वेळी पाहू शकतात. शाळेच्या अंगणात सूर्य दाखवण्यासाठी याहून चांगली पद्धत नाही. ७०० मिमी नाभीय अंतराची (भिंगापासून प्रतिमा जिथे बनते तिथपर्यंतच्या अंतराची) दुर्बीण व २० मिमीची नेत्रिका असेल, तर कागद नेत्रिकेपासून सुमारे ४८ सेंमी दूर धरल्यावर १५ सेंमी व्यासाचे बिंब मिळते. या मापाच्या बिंबावर पृथ्वी जेमतेम १.४ मिमीची भरेल, आणि हे मनाशी धरून पाहिले की कागदावरच्या पेन्सिलीच्या ठिपक्याचा खरा आकार ध्यानात येतो. या पद्धतीसाठी भिंगाची साधी दुर्बीण व चिकटवलेली भिंगे नसलेली साधी नेत्रिका वापरावी. आरसे व भिंगे यांच्या संयुक्त दुर्बिणींमध्ये आतल्या भागांना उष्णतेने इजा होते. प्रक्षेपण चालू असताना लहान मुलांना दुर्बिणीजवळ एकटे सोडू नये.

बिंबावर काय दिसते हे आधी समजून घेतले की निरीक्षण नेमके होते. पूर्ण वाढलेल्या डागाच्या मध्यभागी गडद प्रच्छाया आणि तिच्याभोवती तंतुमय, फिकट उपच्छाया असते. दीप्तिगोलाचे तापमान सुमारे ५,८०० केल्विन, तर प्रच्छायेचे साधारण ४,००० केल्विन असते. डाग काळा भासतो तो केवळ शेजारच्या झगमगाटामुळे. जॉर्ज एलरी हेल यांनी १९०८ मध्ये माउंट विल्सन येथे वर्णपटावरून सिद्ध केले की डागांत काही हजार गौस (चुंबकीय क्षेत्राचे एकक) तीव्रतेचे चुंबकीय क्षेत्र असते. हे क्षेत्र खालून वर येणाऱ्या तप्त वायूचे अभिसरण दाबून धरते आणि त्यामुळे तो भाग थंड राहतो. डाग बहुधा गटाने येतात. गटाच्या पश्चिम टोकाचा पुढारी डाग व पूर्व टोकाचा अनुगामी डाग यांची चुंबकीय ध्रुवता परस्परविरुद्ध असते. बिंबाच्या कडेला, जिथे प्रकाश थोडा मंदावतो, डागांभोवती उजळ पट्टे दिसतात. ग्लासगोच्या अलेक्झांडर विल्सन यांनी १७६९ मध्ये नोंदवलेला परिणामही तिथेच पाहायला मिळतो : डाग कडेला सरकू लागला की उपच्छायेची आतली, म्हणजे बिंबाच्या मध्याकडची, बाजू अरुंद होत जाते आणि डाग बशीसारखा खोलगट भासतो. ६० मिमीच्या दुर्बिणीतही हे दिसते. डाग बिंब ओलांडायला सुमारे तेरा-चौदा दिवस घेतात, त्यामुळे मोठा गट पूर्वेच्या कडेवर उगवल्यापासून पश्चिमेला मावळेपर्यंत रोज पाहता येतो आणि टिकला तर सुमारे २७ दिवसांनी त्याच जागी पुन्हा भेटतो.

रेखाटन करताना दिशा निश्चित करणे महत्त्वाचे असते. दुर्बीण स्थिर ठेवली की बिंब ज्या बाजूला सरकत जाते ती पश्चिम. एक डाग आडव्या रेषेवरून सरकेल असा कागद फिरवला की पूर्व-पश्चिम रेषा जमते. काटकोनी आरसा वापरल्यास प्रतिमा डावी-उजवी उलटते, हे नोंदीत लिहून ठेवावे. सूर्याचा अक्ष वर्षभरात आकाशाच्या उत्तर-दक्षिण रेषेपासून दोन्ही बाजूंना सुमारे २६ अंशांपर्यंत कललेला दिसतो. शिवाय मार्चच्या सुरुवातीला सूर्याचा दक्षिण ध्रुव व सप्टेंबरच्या सुरुवातीला उत्तर ध्रुव आपल्याकडे सव्वासात अंशांनी झुकलेला असतो. त्या त्या दिवसाची ही मूल्ये पंचांगासारख्या खगोलीय सारणीतून घेतली, तर डागाचे सौर अक्षांश-रेखांश काढता येतात, आणि मग सुमारे अकरा वर्षांच्या सौरडाग-चक्राच्या आरंभी ३० अंशांच्या आसपास उगवणारे डाग वर्षे सरतील तसे विषुववृत्ताकडे उतरताना आपल्याच वहीत दिसू लागतात.

मोजणीची पद्धत स्वित्झर्लंडच्या रुडॉल्फ वोल्फ यांनी १८४८ मध्ये घालून दिली. गटांच्या संख्येची दहापट करून तीत सुट्या डागांची एकूण संख्या मिळवायची आणि निरीक्षक व दुर्बीण यांनुसार ठरणाऱ्या गुणांकाने गुणायचे. तीन गटांत मिळून चौदा डाग असतील तर गुणण्यापूर्वीची संख्या ४४ येते. वोल्फ यांची दुर्बीण होती सुमारे ८० मिमीची, ६४ पट मोठे दाखवणारी, म्हणजे आज कोणत्याही हौशी मंडळाकडे असते तेवढीच. १९८१ पासून बेल्जियमच्या रॉयल (शाही) वेधशाळेतील केंद्र जगभरातील निरीक्षकांच्या मोजण्या एकत्र करून आंतरराष्ट्रीय सौरडाग संख्या ठरवते. या निरीक्षकांत हौशी मंडळी मोठ्या प्रमाणात आहेत. उपग्रहांच्या युगातही लहान दुर्बीण व डोळा यांचा आग्रह धरला जातो, कारण चारशे वर्षांची मालिका त्याच साधनाने बनली आहे आणि साधन बदलले की जुन्या-नव्या आकड्यांची तुलना बिघडते.

या क्षेत्राचा इतिहासच मुळी हौशी माणसांचा आहे. जर्मनीतील डेसाउ गावचे औषधविक्रेते हाइनरिख श्वाबे बुधाच्या कक्षेच्या आत एखादा ग्रह सूर्यासमोरून जाताना सापडेल या आशेने १८२५ पासून रोज सूर्य पाहू लागले. ग्रह मिळाला नाही. परंतु डागांची संख्या सुमारे दहा वर्षांच्या आवर्तनाने वाढते व घटते, हे त्यांनी १८४३ मध्ये जाहीर केले आणि पुढे हे चक्र सरासरी अकरा वर्षांचे ठरले. त्यांनी एकूण बेचाळीस वर्षे नोंदी ठेवल्या. इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन १ सप्टेंबर १८५९ रोजी प्रक्षेपित बिंबावर एक मोठा गट रेखाटत असताना त्यांना त्या गटावर दोन लखलखीत ठिपके उजळलेले दिसले. त्याच वेळी रिचर्ड हॉजसन यांनीही ते स्वतंत्रपणे पाहिले. पांढऱ्या प्रकाशात नोंदलेली ही पहिली सौरज्वाला होय. त्यानंतर दिवसभरातच पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झाले व तारयंत्रे कोलमडली. दोघेही खाजगी निरीक्षक होते, आणि त्या दिवशी ते नेमाने कामाला बसले होते म्हणूनच ही घटना नोंदली गेली.

छायाचित्रणात दोन निरनिराळी उद्दिष्टे असतात. संपूर्ण बिंब टिपायचे असेल तर नाभीय अंतराला सुमारे १०८ ने भागून प्रतिमेचा व्यास काढावा : १,००० मिमी अंतराला साधारण ९.३ मिमी बिंब मिळते, जे बहुतेक डीएसएलआर कॅमेऱ्यांच्या संवेदकावर सहज मावते. आयएसओ १०० ठेवून, हाताने फोकस करून, बिंबाच्या मध्यावरचा भाग पांढराफटक होणार नाही इतपत उद्भासन (एक्स्पोजर) द्यावे. फोकस डागाच्या कडेवर साधावा, बिंबाच्या कडेवर नव्हे. बिंबाची कड हवेत सतत उकळत असते. फिल्टर लावलेल्या दुर्बिणीच्या नेत्रिकेला मोबाइल लावूनही कामापुरते चित्र मिळते आणि रोजच्या नोंदीसाठी ते पुष्कळ आहे.

एखाद्या गटाचा तपशील टिपायचा असेल तर खरी लढत हवेशी असते. ८० मिमी भिंगाची विभेदनक्षमता सुमारे दीड विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग), म्हणजे सूर्यावर हजारएक किमी असते, आणि दीप्तिगोलावरील कणिकाही (वर येणाऱ्या तप्त वायूचे दाणेदार ठिपके) साधारण तेवढ्याच आकाराच्या असतात. पण दिवसा तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा ही क्षमता क्वचितच वापरू देते. त्यासाठी लहान मोनोक्रोम कॅमेऱ्याने जलद चित्रफीत घेतात, हजार-दोन हजार चौकटींतून हवा क्षणभर स्थिर असतानाच्या दहाएक टक्के चौकटी ऑटोस्टॅकर्टसारख्या संगणक-प्रणालीने निवडून एकत्र करतात आणि मग मर्यादित धार देतात. धार अति दिल्यास उपच्छायेत मुळात नसलेले तंतू तयार होतात. असे चित्र डोळ्यांना सुखावते, पण नोंद म्हणून निकामी असते. ५४० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा फिल्टर लावल्यास चित्र अधिक टोकदार येते. भिंगाच्या दुर्बिणीवर हर्शेल प्रिझम (बहुतेक प्रकाश बाहेर सोडून थोडाच नेत्रिकेकडे वळवणारा लोलक) वापरणारे निरीक्षक त्याला फिल्मपेक्षा सरस मानतात; मात्र तो आरशाच्या दुर्बिणीवर लावता येत नाही आणि त्यासोबत घनता-फिल्टर लागतोच. हायड्रोजनच्या विशिष्ट लाल प्रकाशात पाहणाऱ्या हायड्रोजन-अल्फा दुर्बिणी दीप्तिगोलावरचा थर, म्हणजे वर्णगोल, दाखवतात, म्हणून त्यांतील चित्रे डागांच्या मोजणीत धरत नाहीत.

वेळेची निवड साधनापेक्षा अधिक फरक पाडते. महाराष्ट्रात नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात सूर्योदयानंतरचे दीड-दोन तास सर्वांत चांगले असतात. सूर्य धुरकटातून वर आलेला असतो आणि सिमेंटची गच्ची अजून तापलेली नसते. पत्र्याच्या छपरावरून पाहणे टाळावे. गवत किंवा पाणी समोर असेल तर हवा शांत राहते. उदयपूरची सौर वेधशाळा फतेहसागर तलावातील बेटावर उभारली गेली ती याच कारणाने.

भारतात डागांचा उल्लेख वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील आदित्यचार अध्यायात शोधला जातो. तिथे सूर्यबिंबावर दिसणाऱ्या ‘तामसकीलक’ नावाच्या तेहतीस केतूंचे रंग, स्थान व आकार पाहून फल सांगण्यास सांगितले आहे. आधुनिक काळात पुण्याच्या सायन्स कॉलेजातील महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेत कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सौरवर्णपटाचा अभ्यास केला आणि २२ जानेवारी १८९८ चे खग्रास ग्रहण जेऊर येथून टिपले. १९१२ मध्ये ती वेधशाळा बंद झाल्यावर तिची साधने तमिळनाडूतील कोडाईकनालच्या सौर वेधशाळेला गेली. कोडाईकनालला १९०४ पासून पांढऱ्या प्रकाशातील सूर्यबिंबाची दैनंदिन छायाचित्रे घेतली गेली, आणि तिथेच १९०९ मध्ये जॉन एव्हरशेड यांनी उपच्छायेत वायू बाहेरच्या दिशेने वाहतो हे शोधले. मे २०२४ मधील ३६६४ क्रमांकाचा गट ग्रहणाच्या चश्म्यातून नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतका मोठा होता, आणि त्याच्यामुळे झालेल्या वादळात लडाखमधील हानले येथून लाल ध्रुवीय प्रकाश टिपला गेला.

नोंदवहीत तारीख, वेळ, दुर्बीण, वर्धन, हवेची स्थिती, गट व डाग एवढ्या बाबी पुरेशा असतात. २०१९ सारख्या किमान काळातील (चक्रात डाग सर्वांत कमी असतात त्या काळातील) वर्षात सूर्य बहुतेक दिवस डागविरहित असतो. अशा दिवशी शून्य लिहावे आणि ढगांमुळे किंवा पावसाळ्यात पाहताच आले नाही तो दिवस कोरा ठेवावा. १६४५ ते १७१५ या, डाग फारच विरळ झालेल्या मांडर किमान काळाच्या जुन्या नोंदी वाचताना अभ्यासकांना नेमकी हीच अडचण येते : त्या दिवशी डाग नव्हता, की कोणी पाहिलेच नव्हते, हे अनेक पानांवरून उलगडत नाही.