सोसायटीतली बॉलबंदी आणि पुढची दहा वर्षं

घोडबंदर रोडवरच्या टॉवरचं पोडियम असो की नेरूळ-खारघरच्या सोसायटीतली बाग, ‘येथे बॉल खेळण्यास सक्त मनाई आहे’ ही पाटी ठरलेली. काचा फुटतात, गाड्यांना पोचे पडतात; कमिटीचं म्हणणं खोटं नाही. पण मूल मोठेपणी खेळत राहील का, याचा थोडाफार अंदाज फेकण्या-झेलण्याच्या ज्या कौशल्यांवरून येतो, तीच ही पाटी बाद करते.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या प्राथमिक शाळांतल्या मुलांची अशी कौशल्यं २००० साली तपासली गेली होती. सहा-सात वर्षांनी त्यातल्या काहींना पुन्हा गाठून लिसा बार्नेट आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या हालचालीची माहिती घेतली. लहानपणी फेकणं, झेलणं, बॉलला लाथ मारणं ज्यांना नीट जमत होतं, ती मुलं किशोरवयात दमवणारे खेळ खेळण्याची शक्यता दहा ते वीस टक्क्यांनी जास्त निघाली. लंगडी, उडी यांवरून मात्र असा अंदाज आला नाही. अर्थात संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं नाही, आणि नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत हे इतकं स्पष्ट दिसलेलंही नाही.

संशोधक डेव्हिड स्टॉडन यांनी २००८ मध्ये मांडलेली साखळी मात्र पटण्यासारखी आहे. पाच वर्षांच्या मुलाला आपण सगळ्यात भारी फेकतो असंच वाटत असतं, त्यामुळे ते खेळत राहतं. सात-आठच्या पुढे तुलना कळू लागते. ज्याला जमत नाही ते बाजूला बसतं, कमी खेळतं, दम कमी पडतो, म्हणून आणखी कमी खेळतं. ‘आमच्या घराण्यात कुणी खेळाडू नाही’ हे निदान आपण याच टप्प्यावर करून मोकळे होतो.

आता फेक नीट पाहा. उजव्या हाताने फेकणारं नवखं मूल समोर तोंड करून उभं राहतं आणि फक्त कोपरातून हात झटकतं. पुढच्या टप्प्यावर पाऊल टाकतं, पण उजवंच. इथेच घोटाळा होतो: फेकणारा हात आणि पुढचा पाय एकाच बाजूचे असले की कंबर फिरायला जागाच उरत नाही. डावं पाऊल पुढे पडलं की आधी कंबर वळते, छाती क्षणभर मागे राहते, आणि त्या पिळामुळे पोटाचे व खांद्याचे स्नायू ताणले जातात. ताणलेला स्नायू लगेच आकुंचन पावला की जास्त जोर लावतो. मग खांदा, कोपर, मनगट अशा क्रमाने वेग चाबकासारखा टोकाकडे वाढत जातो. रशियन शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांच्या मते शिकाऊ माणूस सुरुवातीला बरेच सांधे जखडूनच ठेवतो, कारण इतके सगळे एकदम सांभाळणं मेंदूला जड जातं. सराव वाढतो तसे ते एकेक मोकळे होतात. नुसत्या वयाने ते मोकळे होतीलच असं नाही. कितीतरी मोठी माणसंही उजवाच पाय पुढे टाकून फेकतात.

त्यामुळे उजव्या हाताने फेकणाऱ्या मुलाला भिंतीकडे डावा खांदा करून आडवं उभं करावं, डाव्या पावलासाठी खडूने खूण करावी आणि सहा मीटरवरून ‘जोरात मार’ म्हणावं. ‘नेमका मार’ म्हटलं की मूल पाऊल आखडतं आणि पुन्हा कोपरावर येतं. बॉल मुठीत मावेल एवढाच हवा. मोठा दिला की दोन्ही हात लागतात आणि पिळाला जागाच उरत नाही. जुन्या मोज्यांचा घट्ट गोळा पोडियमवरही चालतो, काच फुटत नाही.

 

झेलताना मूल मान फिरवून डोळे मिटत असेल, तर त्याला भित्रं म्हणू नये. चेहऱ्याकडे येणारी वस्तू चुकवणं ही शरीराची मूळ प्रतिक्रिया आहे. कडक बॉल बाजूला ठेवून मोज्यांचा गोळा दीड मीटरवरून, खालून हळू द्यावा. गोळा छातीशी कवटाळणं थांबून तळहातात येऊ लागला की एकेक पाऊल मागे सरकावं.