समाजकार्य पदवी शिक्षण

बारावीनंतर घेता येणारा व्यावसायिक समाजकार्याचा पदवी अभ्यासक्रम. ‘बी.एस.डब्ल्यू.’ (बॅचलर ऑफ सोशल वर्क) या आद्याक्षरांनीच तो अधिक ओळखला जातो. प्रवेशासाठी विद्याशाखेची अट सहसा नसते. मुदत तीन वर्षे, सहा सत्रे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर चौथ्या वर्षाच्या ऑनर्स पदवीचीही तरतूद झाली आहे. प्रस्तुत नोंद मुख्यतः महाराष्ट्रापुरती आहे.

संज्ञा : मराठीत समाजसेवा, समाजकारण आणि समाजकार्य हे शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी येतात, अभ्यासक्रमात मात्र ते वेगळे धरतात. समाजसेवेला प्रशिक्षणाची अट नाही, समाजकारणाला सार्वजनिक जीवनाची आणि बऱ्याचदा राजकारणाची छटा आहे. समाजकार्य म्हणजे ठरावीक पद्धतींनी, वेतन घेऊन करावयाचा व्यवसाय. पद्धतींची मराठी नावे अद्याप स्थिरावलेली नाहीत. ‘केसवर्क’साठी (एकेका व्यक्तीबरोबर करावयाचे काम) व्यक्तिसहाय्य कार्य, व्यक्तिसहयोग कार्य, वैयक्तिक समाजकार्य असे पर्याय पाठ्यपुस्तकांत आढळतात. ‘सहयोग’ हा शब्द मदत घेणाऱ्याचाही वाटा मान्य करतो, म्हणून तो अधिक योग्य वाटतो. विद्यार्थी ‘केसवर्क’च म्हणतात.

उगम : भारतातील समाजकार्य शिक्षणाचा प्रारंभ कोठून धरावा याविषयी मतभेद आहेत. एका मताने तो महात्मा फुले यांच्या बालहत्या प्रतिबंधक गृहापर्यंत (१८६३, काही अभ्यासक १८५३ मानतात) मागे नेता येतो. दुसरे मत ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगकडे बोट दाखवते. लीगने १९२० च्या सुमारास कार्यकर्त्यांसाठी अल्पमुदतीचे वर्ग चालविल्याचे उल्लेख मिळतात. तिसरे व सर्वाधिक रूढ मत १९३६ हे वर्ष मानते. त्या वर्षी सर दोराबजी टाटा विश्वस्तनिधीच्या साहाय्याने मुंबईत ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झाले. कार्याची परंपरा आणि त्या कार्याचे औपचारिक शिक्षण या दोन गोष्टी निराळ्या धरल्यास पहिले मत या प्रश्नाला लागू पडत नाही, आणि लीगचे वर्ग ही पूर्वतयारी ठरते. त्यामुळे १९३६ हेच वर्ष ग्राह्य धरणे सोयीचे. मात्र आजच्या अनेक अभ्यासक्रमांत फुले, शाहू, आंबेडकर, विठ्ठल रामजी शिंदे यांचे कार्य पहिल्याच वर्षी शिकवितात, ते या वादाचेच फलित म्हणता येईल.

या संस्थेचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेच्या वतीने १९२५ मध्ये मुंबईत आले होते. नागपाड्यात त्यांनी उभारलेल्या ‘नेबरहुड हाऊस’मध्येच पहिले वर्ग भरले. संस्थेच्या नावातील ‘ग्रॅज्युएट’ हा शब्द महत्त्वाचा आहे : प्रवेश पदवीधरांनाच होता आणि शेवटी मिळे ती पदविका. १९४४ मध्ये संस्थेचे नाव टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाले. १९५४ मध्ये ती देवनारला गेली, आणि १९६४ मध्ये अभिमत विद्यापीठ झाल्यावर पदविकेची जागा पदव्युत्तर पदवीने घेतली. म्हणजे भारतात समाजकार्याची इमारत वरच्या मजल्यापासून बांधली गेली. पदवीचा मजला नंतर तिच्याखाली घातला गेला. अमेरिकेतही पदव्युत्तर शिक्षणाचाच वरचष्मा होता. तेथील अधिस्वीकृती परिषदेने पदवी अभ्यासक्रमांना मान्यता देण्यास १९७४ मध्ये सुरुवात केली. आपल्याकडे पदवीस्तराचा प्रसार साधारणतः १९७० नंतर वाढला असे मानता येईल.

महाराष्ट्रातील जुन्या संस्थांत मुंबईची निर्मला निकेतन (१९५५), नागपूरची मातृसेवा संघाची समाजकार्य संस्था (१९५८) व पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था (१९६३) यांचा उल्लेख करावा लागेल. विदर्भात महाविद्यालयांचे जाळे विशेष दाट आहे. राज्यातील अनुदानित समाजकार्य महाविद्यालये उच्च शिक्षण विभागाच्या नव्हे, तर सामाजिक न्याय विभागाच्या अखत्यारीत येतात. अभ्यासक्रम व परीक्षा मात्र विद्यापीठाकडे.

क्षेत्रकार्य : अभ्यासक्रमाचा कणा. समाजशास्त्र, मानसशास्त्र, सामाजिक कायदे, संशोधन पद्धती हे विषय वर्गात. आठवड्याचे सहसा दोन दिवस वस्ती, रुग्णालय, शाळा, बालगृह किंवा स्वयंसेवी संस्थेत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘एजन्सी’त. पहिल्या वर्षी बहुधा संस्थाभेटी. पुढे व्यक्ती, गट व समुदाय यांच्याबरोबर प्रत्यक्ष काम. प्रत्येक दिवसाची नोंद ‘जर्नल’मध्ये करावी लागते : गेल्याची व निघाल्याची वेळ, उद्दिष्ट, घडलेला प्रसंग, स्वतःची भूमिका, पुढील नियोजन. मार्गदर्शक प्राध्यापक ती तपासून आठवड्याच्या वैयक्तिक चर्चेत (‘आयसी’) विद्यार्थ्याला प्रश्न विचारतात.

उदाहरणार्थ, रुग्णालयात नेमलेल्या विद्यार्थ्याकडे एक स्त्री रुग्ण येते. शस्त्रक्रिया शासकीय आरोग्य योजनेत बसवायची, पण शिधापत्रिकेवर रुग्णाचे नाव नाही. विद्यार्थी लिहितो : ‘रुग्णाच्या नातेवाइकांना समुपदेशन केले.’ शेरा येतो : ‘समुपदेशन म्हणजे नेमके काय बोललात? नाव का वगळले गेले, विचारले का?’ पुढच्या खेपेस कळते की लग्नानंतर माहेरच्या पत्रिकेतून नाव कमी झाले आणि सासरच्या पत्रिकेत चढलेच नाही. मग तहसील कार्यालयाची वाट. या एका प्रसंगात व्यक्तिसहयोग, प्रशासन आणि स्त्रीचा कुटुंबातील दर्जा असे तीन विषय एकत्र येतात. परीक्षेत ते तीन वेगळ्या प्रश्नपत्रिकांत असतात.

ग्रामीण शिबिर हे दुसरे वैशिष्ट्य. शाळेच्या खोल्यांत मुक्काम, सकाळी श्रमदान, दुपारी घरोघर सर्वेक्षण, रात्री पथनाट्य. स्वयंपाकाच्या पाळीत कोण टाळाटाळ करतो याचीही नोंद गटकार्याच्या मूल्यमापनात होते, असे माजी विद्यार्थी सांगतात.

पदवीचे मूल्य : मुंबईतील जे. जे. रुग्णालयात १९४६ मध्ये झालेली वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक ही देशातील पहिली मानतात. आज राज्याच्या रुग्णालयांत या कामासाठी ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ हे पद आहे. कारखान्यातील कल्याण अधिकारी हे असेच दुसरे पद : २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू होईपर्यंत कारखाने अधिनियम, १९४८ नुसार ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात तो नेमावा लागे. परंतु विशेषीकृत पदांसाठी पदव्युत्तर अर्हतेची मागणी वाढत गेली आहे. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्ये मनोचिकित्सा समाजकार्यकर्त्याची व्याख्याच पदव्युत्तर पदवी व त्यापुढील एम.फिल. यांवर आधारलेली आहे. वैद्यकीय व मनोचिकित्सा समाजकार्य २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाच्या कक्षेत आले. उर्वरित समाजकार्यासाठी वकील वा परिचारिकांसारखी वैधानिक परिषद नाही. त्यामुळे बी.एस.डब्ल्यू. झालेले अनेक जण एम.एस.डब्ल्यू. या पदव्युत्तर पदवीकडे वळतात आणि क्षेत्रकार्यही पुन्हा नव्याने करतात.