नाकाच्या मापापासून ‘वर्ण’ रकान्यापर्यंत

लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं ती जागा नाशिकच्या तपोवनात भाविकांना आजही दाखवतात. कथेत तिला मारलेलं नाही, विद्रूप करून सोडलेलं आहे. चेहरा गेला की माणूस चारचौघांतून उठतो, हे त्या शिक्षेमागचं गृहीत. ते पुराणापुरतं राहिलं नाही.

१७९२ च्या म्हैसूर युद्धात इंग्रज फौजेतला बैल हाकणारा कावसजी टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराहून जास्त काळ तो तसाच जगला. मग पुण्याजवळ वीटकऱ्यांच्या जातीतल्या एका माणसाने मेणाचा साचा कपाळावर पसरला, तेवढी कातडी सोडवली, भुवयांमध्ये ती थोडी जोडलेली ठेवली आणि खाली वळवून नाक घडवलं. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकिकत छापली. युरोपातल्या शल्यविशारदांनी ती उचलली. ज्याने हे केलं त्याचं नाव मात्र त्यात नाही, आणि हे मला फार लागतं.

शंभरेक वर्षांनी हर्बर्ट रिस्ले या अधिकाऱ्याने नाकं मोजली आणि नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असा सिद्धान्त मांडला. १९०१ च्या जनगणनेचा आयुक्त तोच होता. डॉ. आंबेडकरांनी १९४८ साली नाकांच्या मोजमापांवरूनच दाखवून दिलं की ब्राह्मण आणि अस्पृश्य वंशाने वेगळे नाहीत. त्याआधी, २ मार्च १९३० रोजी, त्यांच्याच नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला होता. आत देव काळ्या पाषाणाचा होता आणि दार माणसांना बंद होतं.

‘आपण कुरूप आहोत’ या भीतीने झपाटलेल्या रुग्णांचं वर्णन इटलीच्या मोर्सेली या मनोविकारतज्ज्ञाने १८९१ मध्ये केलं. तो आजार सगळ्यांना होत नाही. पण ‘रंग जरा दबलेला आहे’ हे लहानपणापासून ऐकत आलेल्या मुलीची लाज तिच्या मनात आपोआप उगवलेली नसते, ती घरादाराने रुजवलेली असते. या लाजेवर १९७५ पासून ‘फेअर अँड लव्हली’ हे गोरेपणाचं क्रीम विकलं गेलं. २०२० मध्ये त्याच्या नावातून ‘फेअर’ गेलं. लग्नाच्या बायोडाटातला ‘वर्ण’ हा रकाना मात्र राहिला. त्यात सावळ्या मुलीचे आईवडील ‘गव्हाळ’ लिहितात, तरी पहिल्या भेटीतच नकार येतो, आणि तो तिलाच पचवावा लागतो.